पिल्लू वेगळं करायची वेळ

१२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र येईल येईल म्हणून वाट पाहिली आणि शेवटी मीच लिहायला बसले. छोटूला जाऊन आता काही महिने झाले, पण त्याच्याबद्दल तुला काय लिहावं ते मला अजून सुचत नाही. पोटचा मुलगा गेलेल्या बहिणीला काय लिहितात? मला कोंबड्यांबद्दल तेवढं लिहिता येतं, तर तेच लिहिते. राग मानू नकोस.

तुझे भावजी घड्याळांचे सुटे भाग आणायला तुमच्या शहरात येताहेत. त्यांच्याबरोबर एक डालगं पाठवते आहे. आत तांबडी आहे आणि तिची नुकती अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं. गॅलरीत ठेव. नको म्हणू नकोस आणि ह्यांच्याबरोबर परतही पाठवू नकोस. कोंबडी मांडीवर घेऊन गाडीत बसायचं म्हटल्यावर ह्यांचं तोंड आत्ताच एवढंसं झालं आहे. तू त्या दिवशी म्हणालीस, कामावरून आलं की घर गप्प असतं. घरात काहीतरी जिवंत कुरकुरत राहिलं पाहिजे. माणूस नसेल तर कोंबडी.

हसू येत असेल तर हस. तुझ्या ताईचं हे वेड आजचं नाही. दुसरीत असताना मी दप्तरातून पिल्लू घेऊन गेले आणि बाईंनी माझं नाव घेतल्यावर माझ्याआधी तेच बोललं, हे आईने तुला दर सुट्टीत ऐकवलंय. लग्न करून ह्या घरी आले तीही डालगं काखेत घेऊन. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, सून आणली की बाजार उचलून आणला! एवढ्या वर्षांत माझ्या पोटी काही आलं नाही, पण परसातलं खुराडं कधी रिकामं राहिलं नाही.

आपलं पिल्लू मजेत. छोटू जन्मला तोच आजारी आणि तू त्याला घेऊन दवाखान्यात अडकलीस, तेव्हा तू तिला 'थोडे दिवस' म्हणून माझ्याकडे सोडलंस. भिंत धरून चालत होती. आता तिसरीत आहे आणि माझं शुद्धलेखन तपासते. मी परसात 'पिल्लू' म्हणून हाक मारली की ती आणि कोंबडीची पिल्लं, सगळी एकदमच धावतात. हे म्हणतात, खुराड्याचं दार लावताना नीट बघत जा, एखाद्या दिवशी पोरगी आत आणि कोंबडी अंथरुणात.

वेळेवर जेव. दोन ओळी का होईना, लिही. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी
ताई


३ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डालगं पोहोचलं. तांबडीने वाटेत भावजींच्या शर्टावर जी सही केली होती ती मी धुऊन दिली. ते चहा घेताना म्हणाले की गाडीतल्या एका बाईने त्यांना कोंबड्यांचे डॉक्टर समजून सल्ला विचारला आणि त्यांनी दिलासुद्धा. फार दिवसांनी ह्या घरात कुणी हसलं. हसणारी मीच होते, हे नंतर लक्षात आलं.

गॅलरीत खोकं आडवं करून त्यांची सोय केली आहे. खालच्या मजल्यावरची शिंपीण वर येऊन कुरकुरून गेली, पण पिल्लं बघून बसली आणि उठेचना. तांबडी पंख पसरते आणि सगळी तिच्याखाली नाहीशी होतात. मी स्वयंपाकघरातून बघत राहते. कधीकधी भाजी करपते.

कामावर जायला लागले. तीच खिडकी, नोंदणीची. पेशंटचं नाव काय, वय काय, तुम्ही कोण लागता. दिवसभर हेच. छोटूच्या वेळी ही उत्तरं मी खिडकीबाहेर उभी राहून दिली होती. आत माझीच मैत्रीण होती आणि तिनेही मान वर न करता विचारलं होतं. तिची काही चूक नाही. मीही वर बघत नाही.

छोटूच्या वेळी तुम्ही सगळे आलात, तेव्हा पिल्लू जिन्यात शेजारणीशी काय बोलली ते तू ऐकलंस का? बहुतेक नसशील. असो.

एक विचारायचं होतं. पिल्लू आईपासून कधी वेगळं करायचं असतं? आणि कसं करायचं? आई फार ओरडते का? पिल्लाला किती दिवस आठवण राहते? इथल्या भिंती पातळ आहेत म्हणून विचारते.

भावजींना नमस्कार. मी लिहीत नाही म्हणून तूही थांबू नकोस.

तुझी
धाकटी


१४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला झालेला आनंद ह्यांना बघवला नाही. म्हणाले, आता दुसरीलाही बिघडवलंस. मी म्हटलं, तुमची घड्याळं बंद पडतात तशी माझी बहीण पडली होती, मी नुसती किल्ली दिली.

आता नीट वाच. हे मी कुणालाही शिकवत नाही, कारण लोकांना ऐकवत नाही. पिल्लाच्या अंगावर खरी पिसं आली आणि ते स्वतः टिपून खायला लागलं की वेळ झाली असं समज. मग तोडायचं ते एकदम. आज थोडा वेळ, उद्या थोडा वेळ, असं केलंस तर दोघांचेही हाल. आई ओरडते. ओरडू दे. तू जवळ जाऊ नकोस, गेलीस की तिला वाटतं ऐकलं कुणीतरी. तिची हाक मात्र पिल्लाच्या कानावर पडू द्यायची नाही, सगळं त्यातच आहे. हाक ऐकू आली की पिल्लू खात नाही. नाही आली, तर थोडे दिवस भिरभिरतं आणि मग जिच्या हातून दाणा मिळेल तिच्या मागे फिरतं. कोण आई नि कोण काय, त्याला आठवतसुद्धा नाही. आपल्यालाच उगाच वाटतं. मनात माया असू दे, हात कच्चा नको.

इकडे आमची ठिपकी कोंबडी खुडूक बसली आहे, उबवायचं वेड घेऊन. खाली एक अंडं नाही. दाराची जुनी चिनी मातीची मूठ कोपऱ्यात पडली होती, तिच्यावर ही पंख फुगवून बसली. जवळ गेलं की टोचते. मी मूठ काढून घेतली, तर रिकाम्या जागेवर बसली! गार पाण्यात बुडवून काढली, उपाशी कोंडली, तरी सुटली की तिथेच. पिल्लू म्हणाली, आई, राहू दे ना, तिला काय त्रास होतोय आपला? मी म्हटलं, बाई गं, खुडूक कोंबडीचे लाड केले तर ती मुठीवर बसून मरेल. पिल्लू माझ्याशी बोलली ते थेट दुसऱ्या दिवशी, तेही वहीला कव्हर घालून हवं होतं म्हणून.

पत्राची वाट बघते. विसरू नकोस आणि विसरू देऊही नकोस.

तुझी
ताई


२० एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. तांबडीला शिंपिणीच्या मागच्या अंगणात नेऊन ठेवलं, पिल्लं गॅलरीत. ती खूप ओरडली म्हणे. इथे काही ऐकू आलं नाही. पिल्लं आता माझ्या चपलेच्या आवाजाने धावत येतात. तुझं एक अक्षर खोटं ठरलं नाही.

पिल्लूची परीक्षा संपली असेल. ह्या सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव. छोटू असताना तिला इथे कधी आणता आलं नाही, आणि आता घरात जागाच जागा आहे. भावजी पुढच्या वेळी येतील तेव्हा घेऊन आले तर बरं. तिचे चांगले कपडे दे आणि तिची आवडती चादरही दे, नवीन जागी झोप येत नाही म्हणालीस ना?

तुझा जीव खालीवर होईल, माहीत आहे. पण तुझी इतर पिल्लं आहेतच की तुझ्यापाशी. मी विनंती करते आहे, तेव्हा नाही म्हणू नकोस.

तुझी
धाकटी


८ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

मी कार्डं पाठवली, तुझं उत्तर नाही. पिल्लूला वेगळं कार्ड पाठवलं, तिचंही नाही. तिथे गेल्यावर पोरगी आळशी झाली का? तिला म्हणावं, ठिपकीने शेवटी नाद सोडला आणि काल चक्क अंडं दिलं. तू नसताना ह्यांना शुद्धलेखन घालते आहे म्हणावं, नापास होतात.

शाळा सुरू व्हायची वेळ आली. नवा गणवेश शिवून टांगून ठेवला आहे, थोडा वाढता ठेवलाय, सुट्टीत उंच झाली असेल म्हणून. हे आणायला निघालेच होते, मी थांबवलं. म्हटलं, तूच आणून सोडशील, तेवढंच तुझंही येणं होईल. कधी येता ते कळव.

आजारी तर नाही ना? ताप आला तर ती सांगत नाही, गुपचूप कोपऱ्यात बसते. हाताला हात लावून बघ. ह्या पत्राचं उत्तर मात्र उलट टपाली दे.

वाट बघणारी
ताई


१६ जून

ताईस नमस्कार.

पिल्लूचं नाव मी इथल्या शाळेत घातलं. ती आता इथेच राहील.

मला न विचारता, असं तू म्हणशील. विचारलं होतं. तुझं मार्चमधलं उत्तर माझ्यासमोर आहे. मी खरंच कोंबड्यांबद्दल विचारलं होतं, ताई. पण वाचता वाचता मला वाटलं की माझ्या मनात दुसरंच काही होतं आणि तू त्याचंही उत्तर दिलंस. मग मी तू शिकवलंस तसंच केलं. थोडं थोडं नाही, एकदम. ती रडली. तुला हाका मारून रडली. मी खोलीत गेले नाही, कारण गेलं की वाटतं कुणीतरी ऐकलं. शिंपीण वर येऊन विचारून गेली, पोरीला मारता का हो? मी म्हटलं, नाही, सवय लावते आहे. तुझी कार्डं तिच्या हाती पडू दिली नाहीत. आवाज कानावर पडू द्यायचा नाही, सगळं त्यातच आहे. मग ती गप्प झाली. मग माझ्या हातून जेवली. परवा वेणी घालताना मला आई म्हणाली. तुझ्या अंदाजाहून जरा जास्त दिवस लागले, एवढंच.

छोटू गेला त्या दिवशी जिन्यात शेजारणीने तिला विचारलं, तू त्याची बहीण का गं? ती म्हणाली, नाही, माझ्या मावशीचा मुलगा वारला. मी दारामागे उभी होते. सख्खा भाऊ आत निजवलेला आणि ती जिन्यात बसून हे सांगत होती, तेही किती नीट, पाहुण्यासारखं. मला मावशी म्हणायला तू तिला शिकवलं नसशील. पण ती म्हणत होती तेव्हा अडवलंही नाहीस.

मुठीवर बसलेल्या ठिपकीला तू हसलीस. मला त्यात तू दिसलीस. खुडूक बसलेल्या बाईच्या खाली कुणीतरी आपलं ठेवून जातं, ती पंख पसरते आणि जवळ येईल त्याला टोचते. ऊब दिलीस, कबूल. ऊब दिल्याने आपलं होतं का, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

भावजींना नमस्कार सांग. तिला न्यायला पाठवू नकोस.

धाकटी


१९ जून

धाकटे,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून लिहिला नाही.

हे दुकान उघडायला गेले नाहीत. तुझं पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परसात जाऊन खुराड्याची तार ठीक करत बसले. ती तुटलेली नव्हती.

मी कोंबड्यांचं लिहिलं होतं आणि तू माणसांचं वाचलंस. तुला हवं तेच वाचलंस. माझ्या पोरीला कोंडून रडवलंस आणि वर पत्रात माझाच धडा मला म्हणून दाखवलास. खुडूक म्हणालीस. म्हण. सासूबाई म्हणायच्या, गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आज बहिणीची भर पडली.

पण तू हिला सोडून गेलीस तेव्हा ती तुझी मुलगी नव्हती, अडचण होती. एक हातात धरायला म्हणून दुसरीला खाली ठेवलंस. सगळं सोडून त्या एकापाशी बसलीस. ते तरी टिकलं का तुझ्या हातात? आणि त्याच हातांनी आता हिला घेतेस. तुझं एक गेलं म्हणून माझं उचललंस, ह्याला चोरीशिवाय दुसरा शब्द मला येत नाही.

तिला गार दूध चालत नाही, पोटात दुखतं. डाव्या कानात पाणी जाऊ देऊ नकोस. ओरडून बोललं की ती हो म्हणते आणि करत नाही, हळू सांगितलं तर करते. हे तुला लिहायचं नव्हतं, पण तुला दुसरं कोण सांगणार?

ताई


११ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दूध आणि डावा कान लक्षात ठेवलं.

छोटूबद्दलचं तुझं वाक्य मी दुसऱ्यांदा वाचलं नाही, तरी पाठ झालं. खरं तर ते मला आधीपासूनच पाठ होतं. मनातल्या मनात ते मला नेहमी तुझ्याच आवाजात ऐकू यायचं. आता तुझ्या अक्षरात आहे, एवढाच फरक. तुझ्यासाठी वाईट वाटत होतं, ते मात्र त्या वाक्याने थांबलं. बरं झालं, कामाला लागले.

तांबडी आणि पिल्लं शिंपिणीला देऊन टाकली. तिने त्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही, पण रविवारी जिन्यात वास येत होता. आमच्याकडेही वाटी आली. पोरीने पुन्हा मागून खाल्लं. कुणाचं ते सांगितलं नाही तिला. तू असतीस तर तूही सांगितलं नसतंस.

पिल्लू म्हणणं बंद केलं आहे. वर्गातल्या मुली हसल्या. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारते आणि ती ओ देते.

भेटायचं असेल तर ये. आधी कळवून ये आणि मावशी म्हणून ये. चहा घे, अभ्यास कसा चाललाय ते विचार, तिच्या डोक्यावरून हात फिरव आणि संध्याकाळच्या गाडीने जा. मी इतकी वर्षं तुझ्या घरी हेच केलं. जमतं, ताई. पहिल्या खेपेला परतताना गाडीत रडू येतं, मग नाही येत.

भावजींच्या तब्येतीला जप. मनात राग नाही, दुसरंही काही उरलेलं नाही.

धाकटी


४ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

मी न कळवता येऊन गेले. तुला शाळेतून कुणी सांगण्याआधी मीच सांगते.

मी तिला न्यायला आले होते. ह्यांनाही बोलले नव्हते. घरून निघताना तिचा स्वेटर पिशवीत घातला, गाडीत खिडकीशी गार वारा लागतो म्हणून. शाळेसमोर वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे, त्याच्या पायरीशी उभी राहिले. पोरं सुटली. एवढ्या एकसारख्या डोक्यांतून मी तिचं डोकं लगेच ओळखलं. उंच झाली आहे. दोन वेण्या तू छान घालतेस.

तिने मला पाहिलं आणि चालता चालता थांबली. बरोबरच्या मुलीने विचारलं असावं, कोण गं ती? हिने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. दोन्ही बाजूंना नीट बघून ओलांडला. हाताच्या अंतरावर उभी राहिली. मला आई म्हणाली नाही. तुला समाधान वाटायला नको, मावशीही म्हणाली नाही. हळू आवाजात एवढंच विचारलं, न्यायला आलीस?

धाकटे, मी जन्मभर मुकी जनावरं पाळली. कोंबडी भ्यालीय की भुकेलीय, ते मला भिंतीपलीकडून कळतं. अंडं कानाशी धरलं की आतलं जगणार की नाही ते कळतं. तिने विचारलं त्यात भीती होती की आशा, ते मला कळलं नाही. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं, ओठांकडे पाहिलं, दप्तराचा पट्टा धरलेल्या बोटांकडे पाहिलं. काही कळलं नाही. हो म्हणावं आणि तिने एक पाऊल मागे घ्यावं, हे मला सोसलं नसतं. म्हणून मी म्हणाले, नाही गं, दात दुखत होता, इथल्या डॉक्टरांना दाखवायला आले होते.

ती म्हणाली, बरं.

आणि गेली. पलीकडे जाऊन मैत्रिणीकडून बाटली घेतली. तिने मागे वळून पाहिलं की नाही ते मला माहीत नाही, मध्ये बस आली.

मी पुन्हा येणार नाही. तुझ्या घरी चहा घेण्याइतकी मी अजून मावशी झालेली नाही. ती आता तुझ्याजवळ असते. तिला त्या दिवशी काय हवं होतं, ते कधीतरी ती तुला आपण होऊन सांगेल. सांगितलं, तर मला लिहू नकोस.

ताई